ताराबाई पार्क हा पार्क नाही! ओपनस्ट्रीटमॅपवर बाग, मैदान आणि मोकळी जागा कशी नोंदवायची?

कोल्हापुरात नव्यानं आलेल्या माणसाला ताराबाई पार्कात झोपाळे किती आहेत ते मोजून यायला सांगा. बिचारा तासभर फिरेल. बंगले दिसतील, अपार्टमेंट दिसतील, दवाखाने दिसतील, झोपाळा काही सापडणार नाही. कारण ताराबाई पार्क ही वस्ती आहे. नागाळा पार्कचंही तेच. तिथे खरोखरची बाग हवी असेल तर महावीर गार्डन गाठावं लागतं. हुतात्मा पार्क मात्र नावाप्रमाणे बागच आहे. आणि खासबाग? नावात बाग, पण तिथे चालते कुस्ती!

आपल्याला हे सगळं लहानपणापासून माहीत असतं. नकाशाला ते कुणीतरी सांगावं लागतं. आणि ज्या नकाशात तुमच्या-माझ्यासारखे लोकच माहिती भरतात, तिथे ते सांगण्याचं काम आपलंच असतं. मी गेली काही वर्षं रविवारी थोडा वेळ काढून ओपनस्ट्रीटमॅपवर कोल्हापूरच्या जागा नोंदवतो. रस्ते आणि दुकानं नोंदवणं तसं सोपं आहे. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बागा आणि मैदानांच्या बाबतीत. म्हणून आज फक्त त्याबद्दल बोलूया.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय?

थोडक्यात सांगायचं तर नकाशांचा विकिपीडिया. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. कुणीही फुकट खातं उघडून यात भर घालू शकतं आणि 'माहिती ओपनस्ट्रीटमॅपची आहे' एवढा उल्लेख करून, परवान्याच्या अटी पाळून कुणीही ती वापरू शकतं.

'मी तर हा नकाशा कधी उघडलाच नाही,' असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही तो बहुतेक वापरला आहे. स्ट्राव्हावर रंकाळ्याची फेरी नोंदवली असेल किंवा स्नॅपचॅटच्या नकाशावर मित्र कुठे आहे ते पाहिलं असेल, तर त्यामागे ओपनस्ट्रीटमॅपची माहिती असते. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँडसारखी इंटरनेटशिवाय चालणारी अ‍ॅप्स तर पूर्णपणे याच माहितीवर उभी आहेत. म्हणजे एका ठिकाणी केलेली नोंद अनेक अ‍ॅप्समध्ये पोचते. चुकीची असेल तर तीही तशीच पोचते.

टॅग कसा असतो?

या नकाशावर प्रत्येक जागेला टॅग लावतात. टॅगचे दोन भाग असतात: प्रकार आणि त्याची किंमत. उदाहरणार्थ 'लेझर=पार्क'. यातला लेझर म्हणजे फावला वेळ, तो लाईटवाला लेझर नव्हे. अ‍ॅपमध्ये हे टॅग इंग्रजी अक्षरांत दिसतील. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ते देवनागरीत लिहितोय.

आपल्या विषयासाठी लागणारे मुख्य टॅग एवढेच:

• लेझर=पार्क : सगळ्यांसाठी असलेली बाग. झाडं, हिरवळ, बसायला बाकं, फिरायला वाटा.
• लेझर=गार्डन : शोभेची झाडं-फुलं जोपासलेली जागा. हा टॅग बंगल्यासमोरच्या खासगी बागेलाही लागतो.
• लेझर=प्लेग्राउंड : लहान मुलांची खेळणी असलेला भाग. घसरगुंडी, झोपाळा, सीसॉ.
• लेझर=पिच : एका ठरावीक खेळासाठी आखलेली जागा.
• लेझर=स्टेडियम : प्रेक्षकांना बसायची सोय असलेलं मोठं क्रीडांगण.
• लँडयूज=रिक्रिएशन_ग्राउंड : सर्वसाधारण मैदान, जिथे एकच असा ठरलेला खेळ नाही. हाच शब्द कधी कधी लेझरखालीही लावलेला दिसतो, पण लँडयूजखालचा जास्त रुळलेला आहे.

बघा, पहिला सापळा इथेच आहे. आपण शाळेत 'प्लेग्राउंड म्हणजे खेळाचं मैदान' असं पाठ केलं. या नकाशात प्लेग्राउंड म्हणजे फक्त घसरगुंडी-झोपाळ्यांची जागा. पोरं क्रिकेट खेळतात त्या मैदानाला प्लेग्राउंड लावलं, तर चार वर्षांच्या लेकराला घेऊन आलेली आई तिथे झोपाळा शोधत बसेल.

दुसरा सापळा 'गार्डन'चा. आपण नगरपालिकेच्या बागेलाही सर्रास गार्डन म्हणतो. पण नकाशाच्या भाषेत महावीर गार्डन हा लेझर=पार्क आहे आणि 'महावीर गार्डन' हे त्याचं नाव आहे. ते नाव 'नेम' या वेगळ्या रकान्यात जातं.

तिसरा सापळा सगळ्यात महागाचा: लँडयूज=ग्रीनफिल्ड. हिरवं मैदान दिसलं की हा टॅग लावायचा मोह होतो. याचा खरा अर्थ आहे, 'आजवर बांधकाम न झालेली आणि आता बांधकामासाठी ठरलेली जमीन'. म्हणजे पोरं जिथे रोज संध्याकाळी खेळतात, त्या मैदानावर तुम्ही स्वतःच्या हातानं 'इथे इमारत होणार' अशी पाटी लावून येता.

एवढं मनावर का घ्यायचं?

पहिलं कारण गमतीशीर आहे. पोकेमॉन गो आठवतो? डिसेंबर २०१७ मध्ये या खेळानं आपला नकाशा बदलून ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला. पार्क म्हणून नोंदवलेल्या जागेत पोकेमॉन जास्त सापडतात, हे खेळाडूंच्या लक्षात आलं होतं. मग काय, जगभरात काही हुशार पोरांनी आपल्या घराभोवतीच खोटे पार्क काढायला सुरुवात केली! स्वयंसेवकांना ते शोधून शोधून पुसावे लागले.

दुसरं कारण गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.७ क्रमांकाचं लक्ष्य आहे: २०३० पर्यंत शहरातल्या प्रत्येकाला, खास करून बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि अपंगांना, सुरक्षित आणि हिरव्या सार्वजनिक जागा मिळाव्यात. कुठल्या शहरात अशा जागा किती, हे मोजायला अभ्यासक अनेकदा ओपनस्ट्रीटमॅपची माहिती घेतात.

आता एक कल्पित हिशोब करू. समजा ५०० मीटर रुंद आणि ८०० मीटर लांब अशी एक वस्ती आहे आणि तिच्या नावात पार्क आहे. कुणीतरी नाव बघून त्या सगळ्या वस्तीला लेझर=पार्क लावलं. झाले ४० हेक्टर. त्या वस्तीत प्रत्यक्षात १ हेक्टरची एकच बाग आहे. मोजणारा माणूस पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात बसलेला. त्याच्या कॉम्प्युटरला ४० हेक्टर बाग दिसली. निष्कर्ष काय निघणार? 'इथे बागा भरपूर आहेत, नवीन बागेची गरज नाही.'

उलटंही होतं. आपलं मैदान पार्कासारखं हिरवंगार नसतं. लाल माती, कडेला दोन-चार झाडं, मध्ये घासून गुळगुळीत झालेलं क्रिकेटचं पिच. उपग्रहाच्या चित्रात ते मोकळ्या प्लॉटसारखं दिसतं. त्यावर टॅगच नसेल तर नकाशावर तिथे नुसता कोरा तुकडा असतो. कोरा तुकडा बघणाऱ्याला 'रिकामी जागा' वाटते. तिथे सकाळी म्हातारी माणसं चालतात, दुपारी शाळेची पोरं खेळतात, संध्याकाळी फुटबॉलचा सराव होतो, हे त्याला कळायला मार्ग नाही.

तीन प्रश्न, मग टॅग

बागा-मैदानांसाठी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. नाव शेवटी बघतो.

१. इथे कोण येऊ शकतं? सगळे, फक्त सोसायटीचे लोक, की तिकीट काढून आलेले?
२. वर्षातले बहुतेक दिवस इथे काय चालतं?
३. जागेवर प्रत्यक्ष काय आहे? वाटा, बाकं, खेळणी, गोलपोस्ट, प्रेक्षकांच्या पायऱ्या?

आता हे कोल्हापूरला लावून बघू.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क : वस्ती. टॅग 'प्लेस'चा, म्हणजे नेबरहूड किंवा सबर्ब. हिरवा रंग नाही.

महावीर गार्डन, हुतात्मा पार्क, पद्माराजे उद्यान : एकाच्या नावात गार्डन, दुसऱ्याच्या पार्क, तिसऱ्याच्या उद्यान. वापर तिन्हीकडे एकच, म्हणून टॅगही एकच : लेझर=पार्क. आत मुलांची खेळणी असतील तर तेवढ्या भागाला वेगळं प्लेग्राउंड काढा.

गांधी मैदान : खेळ आहे, सभा आहे, कार्यक्रम आहेत, पावसाळ्यात पाणीही साचतं. एकच असा खेळ नाही, म्हणून रिक्रिएशन_ग्राउंड.

मेरी वेदर मैदान : इथली प्रदर्शनं सगळ्यांना माहीत आहेत. पण प्रदर्शनाचा मांडव काही दिवसांचा. दुसरा प्रश्न आठवा, वर्षातले बहुतेक दिवस काय चालतं? मैदान. तसंच दसरा चौकाचं. सीमोल्लंघनाचा सोहळा कितीही मोठा असला तरी तो वर्षातून एकदा होतो. टॅग रोजच्या वापराचा लावायचा.

खासबाग : शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोमचं कलोसियम पाहून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९१२ साली ते पूर्ण झालं. चारी बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये लाल मातीचा हौदा. म्हणून बाहेरच्या आकाराला लेझर=स्टेडियम आणि स्पोर्ट=रेसलिंग. मधल्या हौद्याला लेझर=पिच आणि पुन्हा स्पोर्ट=रेसलिंग. 'बाग' आणि 'मैदान' हे दोन्ही शब्द नावात राहू द्या.

शाहू स्टेडियम : लेझर=स्टेडियम, आणि आतल्या मैदानाला लेझर=पिच. इथे पाटाकडील आणि दिलबहारच्या चाहत्यांनी जरा दमानं घ्यायचं. स्पोर्ट=फुटबॉल लिहायचं नाही, स्पोर्ट=सॉकर लिहायचं! अमेरिकेत फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, ऑस्ट्रेलियात तिसराच. गोंधळ नको म्हणून या नकाशानं आपल्या फुटबॉलला सॉकर हा शब्द ठरवलाय. मनाला पटत नाही, पण जगभर एकच शब्द असला तरच शोधणाऱ्याला सगळी मैदानं सापडतात.

रंकाळा : तलाव हे पाणी, त्याला नॅचरल=वॉटर. चौपाटीवरची चालायची वाट वेगळी. पद्माराजे उद्यान वेगळं. सगळ्याला मिळून एक मोठा पार्क काढला तर पाण्यातही बाग मोजली जाईल.

शिवाजी विद्यापीठ : झाडी भरपूर, सकाळी फिरायला येणारेही भरपूर. तरी तो विद्यापीठाचा परिसर आहे, टॅग अमेनिटी=युनिव्हर्सिटी. आतली मैदानं स्वतंत्रपणे काढा.

अवघड जागा

कॉलनीतली 'ओपन स्पेस' : राज्याच्या नियमांनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं लेआउट करताना साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तीच आपली ओपन स्पेस. कागदावर सगळीकडे एक, जमिनीवर प्रत्येक ठिकाणी वेगळी. कुठे झकास बाग, कुठे नुसतं गवत, कुठे मंदिर आणि हॉल, कुठे रात्री टेम्पो लावतात. म्हणून 'ओपन स्पेस' या पाटीवरून टॅग लावू नका. बाग असेल तर पार्क, पोरं खेळत असतील तर रिक्रिएशन_ग्राउंड, मंदिर असेल तर तेवढी जागा मंदिर. नुसतं गवतच असेल तर लँडयूज=ग्रास.

आरक्षण : विकास आराखड्यात एखादी जागा 'खेळाचं मैदान' म्हणून आरक्षित असते, पण प्रत्यक्षात तिथे ऊस उभा असतो किंवा घरं झालेली असतात. नकाशावर ऊस किंवा घरंच दाखवायची. आरक्षण म्हणजे पुढचा बेत, आणि बेत बदलतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं.

शाळेचं मैदान : आधी पूर्ण आवाराला अमेनिटी=स्कूल, मग आतल्या मैदानाला पिच किंवा रिक्रिएशन_ग्राउंड. बाहेरच्यांना प्रवेश नसेल तर अ‍ॅक्सेस=प्रायव्हेट हा टॅग विसरू नका. मोकळ्या जागा मोजताना बंद फाटकामागचं मैदान सार्वजनिक म्हणून धरलं जाता कामा नये.

तालीम : आत खरंच कुस्तीचा आखाडा असेल तर लेझर=स्पोर्ट्स_सेंटर आणि स्पोर्ट=रेसलिंग. नाव तालीम, पण आत कॅरम आणि गणपतीची मीटिंग एवढंच चालत असेल, तर अमेनिटी=कम्युनिटी_सेंटर. नावातली तालीम मात्र कुणी काढायची नाही!

फोनवरून सुरुवात कशी करायची?

१. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर मोफत खातं उघडा.

२. अँड्रॉइड असेल तर स्ट्रीटकम्प्लीट घ्या. हे अ‍ॅप तुम्ही उभे असाल तिथले साधे प्रश्न विचारतं आणि उत्तरं नकाशात भरतं. आयफोनवाल्यांसाठी एव्हरी डोअर आहे, ते अँड्रॉइडवरही चालतं.

३. खात्री नसेल तर 'नोट' टाका. 'इथे मैदान आहे, रोज क्रिकेट चालतं, सगळ्यांना प्रवेश' एवढं लिहिलं तरी दुसरा कुणीतरी ते बघून आकार काढतो.

४. मैदानाचा आकार काढायला कॉम्प्युटर बरा. साइटवरच 'आयडी' नावाचा एडिटर उघडतो. त्यात दिलेल्या उपग्रह चित्रावर कंपाउंडच्या कडेनं रेघ काढा. रस्त्याच्या मधोमध नेऊ नका.

५. गूगल मॅप्स बघून काही उतरवू नका. ती माहिती त्यांच्या मालकीची आहे. स्वतः पाहिलेलं, स्वतः फोटो काढलेलं आणि एडिटरमध्ये परवानगीनं दिलेल्या चित्रांवरचं, एवढंच चालतं.

६. नाव लिहिताना फलकावरचं नाव 'नेम'मध्ये लिहा, 'नेम:एमआर'मध्ये मराठी नाव. गल्लीत वेगळंच नाव चालत असेल तर ते 'ऑल्ट_नेम'मध्ये.

७. सेव्ह करताना एक ओळ लिहावी लागते. 'अपडेट' असं लिहून सुटू नका. 'जागेवर पाहिलं, बाग नाही, मैदान आहे' असं लिहा.

आणि एक नियम, जो जगभरचे मॅपर एकमेकांना सांगत असतात: रंगासाठी टॅग लावू नका. आपलं मैदान नकाशावर छान हिरवं दिसावं म्हणून त्याला पार्क म्हणायचं नाही. रंग प्रत्येक अ‍ॅप आपापला ठरवतं, माहिती मात्र सगळ्यांची एकच असते.

पटलं नाही तर?

हे टॅग ब्रिटनमध्ये घडले. तिथल्या गावात 'व्हिलेज ग्रीन' असतं, 'कॉमन' असतं. आपल्याकडचं मैदान, जिथे सकाळी कवायत, दुपारी क्रिकेट, रात्री सभा आणि महिन्यातून एखादं लग्न, ते त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. त्यामुळे दोन शहाण्या माणसांची दोन मतं होणारच. मी गांधी मैदानाला रिक्रिएशन_ग्राउंड म्हणतो, तुम्ही म्हणाल तिथे पिच जास्त शोभतं.

अशा वेळी दुसऱ्याची नोंद गुपचूप बदलू नका. त्या बदलाखाली कमेंट करा, कारण विचारा, फोटो दाखवा. आणि एकदा ठरलं की शहरातल्या सगळ्या तशाच मैदानांना तोच टॅग लावा. टॅगवर थोडे मतभेद राहिले तरी चालतं. पण शिवाजी पेठेतलं मैदान एका टॅगनं आणि राजारामपुरीतलं तसंच मैदान दुसऱ्या टॅगनं, असं झालं की 'कोल्हापुरात मैदानं किती?' या प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक नोंदीचा इतिहास राहतो. कुठल्या तारखेला इथे मैदान होतं, कधी त्याचा आकार लहान झाला, हे नंतर कुणालाही बघता येतं. कोर्टात हा काही पुरावा म्हणून उभा राहणार नाही. पण दहा वर्षांनी 'इथे कधी मैदान नव्हतंच' असं कुणी म्हणालं, तर निदान तारखेसकट एक नोंद दाखवता येईल. अर्थात ती नोंद आज कुणीतरी केलेली असायला हवी.

तर मग या रविवारी एवढंच करा. तुमच्या गल्लीजवळची एकच मोकळी जागा निवडा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, कारण त्या वेळी तिचा खरा वापर दिसतो. तीन प्रश्न विचारा, दोन फोटो काढा आणि एक टॅग लावा. कुठला टॅग लावायचा यावर अडलात तर जागेचं वर्णन खाली कमेंटमध्ये लिहा, मिळून ठरवू.